विषाणू पेशीत मोकळा तरंगत नाही

वर तुम्ही लिहिलंय की आरएनए विषाणू (ज्याची आनुवंशिक माहिती आरएनए नावाच्या रेणूत असते) पेशीत शिरला की तिथल्या द्रवात तरंगत आपल्या प्रती काढतो. इथे थोडी भर घालतो, कारण खरी गंमत पेशीतल्या पडद्यांवर घडते.

डेंग्यूचंच घ्या. त्याचा आरएनए जेमतेम ११ हजार अक्षरांचा. पेशीचे रायबोसोम त्यावरून प्रथिनं बनवतात आणि त्यांतली काही आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या, पटलात रुतून बसतात. मग ते पटल आतल्या बाजूला दबतं आणि साधारण ९० नॅनोमीटरच्या गोल पोकळ्या तयार होतात. एका मिलिमीटरच्या रांगेत अशा ११ हजार मावतील! प्रत्येक पोकळीला पेशीद्रवाकडे उघडणारं एक चिंचोळं तोंड असतं. कच्चा माल तिथून आत, नव्या प्रती तिथून बाहेर.

एवढा खटाटोप कशासाठी? प्रत काढताना दुपेडी आरएनए तयार होतो. पेशीतले पहारेकरी, म्हणजे आरआयजी-आय आणि एमडीए-५ ही प्रथिनं, नेमका तोच हुडकतात. पोकळीत तो त्यांच्या नजरेआड राहतो. शिवाय लागणारी सामग्री एकाच जागी एकवटते, हा फायदाही मोठाच.

करोना विषाणू दुहेरी पडद्याच्या, बंद वाटणाऱ्या पिशव्या करतो. मग आरएनए बाहेर येतो कुठून, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. २०२० मध्ये उंदरांच्या करोना विषाणूत दोन्ही पडद्यांना आरपार भेदणारं, सहा पाकळ्यांच्या मुकुटासारखं छिद्र दिसलं. ते चित्र जरूर शोधून बघा, मी तर कितीतरी वेळ बघत बसलो होतो.