अंगात ताप घेऊन ड्युटी करणाऱ्या सिस्टर: चूक कुणाची?

रातराणी
गेल्या आठवड्यात सासूबाई एका खासगी रुग्णालयात होत्या. रात्री सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरचा हात लागला तर चटकाच बसला. "पॅरासिटामॉल घेतलीय ताई, सकाळपर्यंत निभेल," म्हणाली आणि मास्कमध्येच खोकली. शेजारच्या खाटेवर केमो चाललेले आजोबा. कीव आली, रागही आला. आजारी असताना पेशंटजवळ येऊ नये हे नर्सला आपण सांगायचं?

धोपटमार्गी
राग बरोबर आहे. "आज येत नाही" म्हणायला काय लागतं?

वॉर्ड नंबर ७
नर्स आहे, काय लागतं ते सांगते. फोन केला की इनचार्ज सिस्टर आधी विचारणार, "मग तुझ्या जागी कोण?" तब्येतीचं नंतर, विचारलंच तर. नाइटला तीस पेशंटमागे आम्ही दोघी. मी घरी राहिले की संध्याकाळी सुटणारीला थांबवून डबल ड्युटी, नाहीतर जोडीदारीण एकटी. इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या निकषात साध्या रुग्णालयात ५ पेशंटमागे १ नर्स आणि वर रजांसाठी ३० टक्के जादा नर्स धरल्यात. आमच्याकडे ते ३० टक्के कागदावरही नाहीत.

हिशोबी
मी वीस खाटांचं हॉस्पिटल चालवतो. जादा नर्सचा पगार कुठून काढू? बिल वाढवलं की तुम्हीच 'लूट' म्हणून धागा काढाल. आणि नेमका सोमवारीच ताप येणाऱ्या मुलीही पाहिल्यात. ईएसआय म्हणजे कामगार विमा भरतो आम्ही, आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात. उगाच गळा काढू नका.

वॉर्ड नंबर ७
डॉक्टर, ईएसआयचे नियम वाचा. पहिल्या २ दिवसांचे पैसे मिळत नाहीत, १५ दिवसांत परत आजारी पडलात तरच सूट. व्हायरल असतो तीन दिवसांचा. म्हणजे एका दिवसाच्या ७० टक्क्यांसाठी तापात रांगेत उभं राहून सर्टिफिकेट आणायचं. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने ५० खाटांच्या आतल्या रुग्णालयांतही किमान २० हजार पगार सुचवला होता. तुम्ही किती देता?

हिशोबी
चर्चा वैयक्तिक होऊ नये.

धोपटमार्गी
हा हा. मी माझं "काय लागतं" मागे घेतो. अर्धंच, कारण सोमवारचा ताप आमच्या ऑफिसातही येतो.

रातराणी
सगळं पटलं, पण केमोवाल्या आजोबांचं काय? त्यांना संसर्ग झाला असता तर रोस्टर कसं होतं हे विचारायला कोण जाणार होतं?

वॉर्ड नंबर ७
ताई, त्यांची काळजी मलाही आहे, आणि नुसत्या खोकल्याची नाही. मागे तापातच मी ६ च्या जागी १६ युनिट इन्सुलिन भरलं होतं. डोकं जड, रेघा दिसत होत्या पण मोजल्या जात नव्हत्या. जोडीदारणीने सिरिंज उजेडात धरली आणि म्हणाली, "अगं, हे काय?" त्या रात्री आम्ही दोघी होतो. एक तारखेपासून आमच्या वॉर्डात नाइटला एकच सिस्टर ठेवणार आहेत.