मदत हवी आहे : विस्त्रेआम ते ल माँ, आई-बाबांना घेऊन आडरस्त्यांनी

नमस्कार मंडळी,

येत्या जूनमध्ये फ्रान्समधली ल माँची २४ तासांची मोटारशर्यत बघायला आई-बाबांना घेऊन जाते आहे. तिकिटं हातात आली, दोघांचे शेंगेन व्हिसा मुंबईहूनच काढून घेतले, पोर्ट्समथहून फ्रान्सच्या विस्त्रेआम बंदराला जाणाऱ्या रात्रीच्या फेरीबोटीचं आरक्षणही झालं. गाडी माझीच, कॉव्हेन्ट्रीहून नेणार. अडलंय ते मधल्या रस्त्यापाशी, म्हणून हा धागा.

बाबांनी पिंपरीत ३४ वर्षं गिअर कापायच्या हॉबिंग मशीनवर काम केलं. कारखान्याच्या वाचनालयात येणाऱ्या एका मासिकात त्यांनी ल माँचे फोटो पहिल्यांदा पाहिले. चोवीस तास अखंड फिरणारा गिअरबॉक्स म्हणजे काय असतं, हे ज्याने गिअरचे दात कापलेत त्यालाच कळतं, असं ते म्हणतात. २०१२ साली करुण चंढोक या शर्यतीत धावला. तिथे धावलेला तो पहिला भारतीय, आणि त्याची गाडी सहावी आली. त्या रात्री बाबा झोपले नव्हते. आता ते ७१ वर्षांचे आहेत. गुडघे कुरकुरतात, पण गाडीत बसायला कधीही तयार.

त्यांची मागणी एकच आहे. "शर्यत गावच्या रस्त्यांवर होते ना? मग मला गावच्या रस्त्यांनीच तिथपर्यंत ने." त्यांचं खरंच आहे. १३.६२६ किलोमीटरच्या त्या वळशाचा मोठा भाग एरवी साधा सरकारी रस्ता असतो. ह्युनोदियेरची सहा किलोमीटरच्या आसपासची सरळ रेघ म्हणजे डी ३३८ क्रमांकाचा रस्ता. वर्षभर तिच्यावरून ट्रक आणि कामावर जाणाऱ्यांच्या गाड्या धावतात. एक्सप्रेसवेने गेलो तर बंदराजवळचं कां शहर ते ल माँ सकाळच्या नाश्त्यापासून जेवणाच्या आत उरकेल, आणि बाबांना हवंय ते नेमकं राहून जाईल.

बोट गुरुवारी सकाळी सातच्या आत लागते. शर्यत शनिवारी दुपारी चारला सुरू होते, पण शुक्रवारी गावात ड्रायव्हर लोकांची मिरवणूक निघते, ती बाबांना दाखवायची आहे. म्हणजे गुरुवारचा पूर्ण दिवस आणि शुक्रवारची सकाळ हाताशी आहे.

अडचणी अशा :

आईला गाडी लागते. वरंध घाटात तिचे जे हाल झाले ते मी पाहिलेत. पुढे बसली आणि तासाभराने थांबलो तर निभावते. ती मांस-मासे खात नाही, अंडं चालतं.

माझी गाडी इंग्लंडची, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. अरुंद रस्त्यावर ट्रॅक्टर पुढे असला की मला समोरचं दिसत नाही.

आणि दोन वर्षांपूर्वीचा अनुभव. मी आणि नवरा याच भागात आलो होतो. फोनवरच्या नकाशाला 'टोल नको' एवढंच सांगितलं, तर त्याने अंधार पडता पडता एका शेतातल्या वाटेवर नेऊन सोडलं. मध्ये गवत, दोन्ही बाजूंना झुडपांची भिंत. अर्धा किलोमीटर रिव्हर्स घेत बाहेर आलो. आई-बाबांसोबत असं व्हायला नको. आडरस्ता हवा, पण डांबरी आणि दोन गाड्या मावणारा.

कोणी गेलं असेल तर गावांची नावं क्रमाने सांगाल का? गुरुवारी मुक्काम कुठे करावा?

प्रतिसाद १

ताई, मी कांमध्ये सहा वर्षं राहिलो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी नकाशा. फोन बाजूला ठेवून मिशेलँचा पिवळ्या वेष्टनातला कागदी नकाशा घ्या, एका सेंटिमीटरला दीड किलोमीटरवाला. त्यात निसर्गरम्य रस्त्यांच्या कडेने हिरवी रेघ असते. पिवळा रस्ता आणि कडेला हिरवी रेघ दिसली की डोळे मिटून जा. शेतातल्या बारीक वाटा पांढऱ्या असतात, त्या टाळल्या की तुमची रिव्हर्सची भीती संपली. बाबांच्या मांडीवर नकाशा द्या. आयुष्यभर ड्रॉइंग वाचलेल्या माणसाला तो लगेच कळेल.

विस्त्रेआमहून कांला वळसा घालून डी ५६२ धरा, त्युरी-आर्कूरकडे. तिथून ऑर्न नदीचं खोरं सुरू होतं. या भागाला 'नॉर्मंडीचं स्वित्झर्लंड' म्हणतात. नावावरून हिमशिखरं येतील असं वाटू देऊ नका. आपल्या भोर-वेल्ह्याकडे पावसानंतर जशा गोल हिरव्या टेकड्या दिसतात आणि मधून नदी जाते, तसं. क्लेसीला नदीकाठी उतरा, वर रेल्वेचा जुना दगडी पूल आहे. पुढे पाँ-दुयी. तिथून थोडं आत रॉश द'एत्र नावाचा कडा आहे, रूव्र नदीच्या घळीवर ११८ मीटर उंच. गाडीतळापासून चालणं फार नाही, बाबांच्या गुडघ्यांना झेपेल.

मग प्यूतांज, रान, कारूज. कारूजला विटांचा भुईकोट राजवाडा आहे, भोवती पाण्याचा खंदक. तिथून एकूव्हचं जंगल. या जंगलात क्र्वा द मेदावी नावाचा चौक आहे, तिथे एक शर्मन रणगाडा उभा आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये जनरल लक्लेर्कच्या फ्रेंच तुकडीने इथे लढाई केली होती. यंत्रांवर प्रेम असलेला माणूस त्या रणगाड्याभोवती अर्धा तास सहज फिरेल.

जंगल उतरलं की आलाँसाँ. हाताने विणलेल्या लेससाठी हे गाव ओळखलं जातं, ती कला युनेस्कोच्या यादीत आहे. आईंना शिवण-टिपणाची आवड असेल तर तिथलं संग्रहालय चुकवू नका.

मुक्काम सँ-सेनेरी-ल-जेरे किंवा शेजारचं सँ-लेओनार-दे-ब्वा. सार्त नदी इथे खडकांमधून वळसे घेते. तीच सार्त, जिच्या नावाने शर्यतीचा ट्रॅक ओळखला जातो. सँ-सेनेरीत नदीच्या वर एक छोटं जुनं चर्च आहे, आत जुनी भित्तिचित्रं. जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो, तेव्हा जेवून सगळ्यांनी पुलावर जाऊन बसा. शुक्रवारी सकाळी फ्रेने-स्युर-सार्तवरून नदीला धरून खाली, तासा-सव्वातासात ल माँ.

एकूण सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. दिवसभराचं काम म्हणून धरा. आणि खोली आजच बघा, शर्यतीच्या आठवड्यात पन्नास-साठ किलोमीटरपर्यंत सगळं भरलेलं असतं.

प्रतिसाद २

वरचा मार्ग सुंदर आहे, पण ऑर्नच्या खोऱ्यात वळणं सलग येतात. काकूंना त्रास होत असेल तर पूर्वेकडून जा : लिव्हारो, विमूतिए, काँमाँबेर, मग से, मोर्तान्य, बेलेम आणि खाली ला फेर्ते-बेर्नार. सफरचंदाच्या बागा, गाई, लाकडी चौकटींची घरं. रस्ता चढतो-उतरतो, पण पोटात कालवत नाही. विमूतिएबाहेर रस्त्याकडेला जर्मन टायगर रणगाडा आहे, म्हणजे काकांचंही नुकसान नाही.

काँमाँबेर हे चीजचं गाव. पण काकू काटेकोर शाकाहारी असतील तर हे माहीत असू द्या : पारंपरिक पद्धतीच्या त्या चीजला वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. मी स्वतः तीन वर्षं न कळता खात होते, कळल्यावर वाईट वाटलं.

प्रतिसाद ३

जेवणाचं लिहिते. खेड्यांत दुपारचं जेवण बारा ते दोन. दोन वाजून गेले की स्वयंपाकघर बंद, कितीही विनवण्या करा. पावाची दुकानं बऱ्याच ठिकाणी सोमवारी बंद, आणि मोठी किराणा दुकानं रविवारी दुपारनंतर.

आईसाठी 'गालेत' मागा. कुट्टूच्या पिठाचं धिरडंच ते, आत चीज, अंडं, मश्रूम. ऑर्डर देताना "सां जांबों, सां लार्दों" म्हणा. लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ते सॅलडमध्येसुद्धा टाकतात आणि अनेकांना ते मांस मोजायचं असतं हेच सुचत नाही. नुसतं "व्हेजिटेरियन" सांगून भागत नाही.

घरून डबा नेणार असाल तर ब्रिटनमधून युरोपात दूध-दुभतं आणि मांस नेता येत नाही. तूप, पनीर, श्रीखंड घरीच ठेवा. मेथीचे ठेपले तेलातले करा, शेंगदाण्याची चटणी घ्या. तूप लावलेल्या दशम्या नकोत.

प्रतिसाद ४

रस्त्याचे नियम, थोडक्यात पण महत्त्वाचे. खेड्याच्या नावाची लाल काठाची पाटी आली की वेग ५०, वेगळं काही लिहिलं असेल तर तेवढा. त्याच नावावर काट मारलेली पाटी आली की गाव संपलं. बाहेर दुपदरी रस्त्यावर २०१८ पासून ८०, काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर परत ९० केलंय, पाटी बघा. गावात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून येणारा ट्रॅक्टर का असेना. पिवळ्या चौकोनाची पाटी दिसत असेल तरच तुमचा हक्क. परावर्तक जाकीट हाताशी आणि त्रिकोण गाडीत हवाच. हेडलाइटला स्टिकर, मागे 'यूके'ची खूण, गाडीची मूळ कागदपत्रं. त्या आठवड्यात पोलिस जागोजागी असतात आणि मर्यादेपेक्षा ताशी ४० किलोमीटरने जास्त गेलात तर लायसन्स तिथेच काढून घेऊ शकतात.

ओव्हरटेकबद्दल : तुमच्या गाडीत डावीकडे पुढे आई बसणार ना? समोरचं त्यांनाच आधी दिसेल. त्यांना सांगा, "रिकामं आहे का ते तू सांगायचं." नजर लांब रस्त्यावर राहिली की गाडी लागायचंही कमी होतं. माझ्या सासूबाईंवर हा उपाय लागू पडला आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पहारेकरी करायची कल्पना तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग मला चष्मा नवा करून घ्यायला हवा." म्हणजे ती तयार आहे.

जाताना सँ-सेनेरीचाच मार्ग घेईन, फक्त पाँ-दुयीला आईचा अंदाज घेऊन. त्रास वाटला तर तिथून फालेझला बाहेर पडता येईल असं नकाशावर दिसतंय. परतीचं मात्र ठरलेलं नाही. बोट मंगळवारी रात्रीची आहे, म्हणजे सोमवार पूर्ण मोकळा. काय दाखवू?

प्रतिसाद ५

सोमवारसाठी माझं एकच सांगणं : १९०६ चा वळसा.

चोवीस तासांची शर्यत १९२३ साली सुरू झाली. त्याच्याही सतरा वर्षं आधी, २६ आणि २७ जून १९०६ ला, फ्रान्सची पहिली ग्रां प्री याच ल माँच्या पूर्वेला झाली. ल माँजवळून सँ-काले, तिथून व्हिब्रेवरून ला फेर्ते-बेर्नार, आणि कोनेरेवरून परत असा १०३ किलोमीटरचा त्रिकोण. दोन दिवसांत बारा फेऱ्या. ३२ गाड्या सुटल्या, ११ पोचल्या. रेनोवर फेरेंत्स सिस जिंकला, ताशी सरासरी १०१ किलोमीटर. उन्हाने डांबर वितळून ड्रायव्हरांच्या डोळ्यांत उडत होतं. टायर सारखे फुटत होते, आणि सिसच्या गाडीच्या मागच्या चाकांना मिशेलँची काढता येणारी रिम होती. बाकीचे सुरीने टायर कापून नवा चढवत बसले होते, तेवढ्यात याचं चाक तयार. बाबांना हे आवर्जून सांगा. जिंकण्यात इंजिनाइतकाच त्या रिमचा हात आहे. सँ-कालेत गावाच्या गल्ल्या टाळायला फळ्यांचा रस्ता बांधला होता.

आजही तो त्रिकोण साध्या रस्त्यांनी करता येतो : सँ-कालेपर्यंत डी ३५७, मग व्हिब्रेचं जंगल, मग ला फेर्ते-बेर्नार, परत डी ३२३. सगळं ८० च्या आत, म्हणजे सिसपेक्षा हळू.

आणखी एक. दक्षिणेला बेर्सेच्या ओकवनातून खाली ला शार्त्र-स्युर-ल-ल्वार आहे. तिथल्या चौकातल्या हॉटेलात ल माँला उतरणाऱ्या जॉन वायरच्या शर्यत-संघाचा मुक्काम असे. फोनमध्ये नाव घालताना जपा. ही 'ल' ल्वार, छोटी नदी. राजवाड्यांची मोठी ल्वार 'ला', ती आणखी दक्षिणेला. उच्चार एकच, रोमन लिपीत शेवटच्या एका अक्षराचा फरक.

ट्रॅकवर जायला गाडी घेऊन जाऊ नका. गावातून टी १ ट्रॅम शेवटपर्यंत, तिथून प्रवेशद्वार जवळ. रात्रीसाठी दोघांनाही कानावर चढवायचे जाड हेडफोन घ्या, कापसाने भागत नाही.

धागाकर्ती

दादा, हे वाचून मी बराच वेळ नकाशाकडे बघत बसले. बाबांनी बारा वर्षं रिमच्या विभागातही काम केलंय, हे मी वर लिहिलं नव्हतं.

मग सोमवार असा : सकाळी १९०६ चा त्रिकोण, दुपारी बेर्से. आणि संध्याकाळी, रस्ता वाहतुकीला खुला झालेला असेल तेव्हा, त्या सरळ रेघेच्या एका टोकाच्या तेर्त्र रूजकडून दुसऱ्या टोकाच्या म्यूल्सानपर्यंत डी ३३८. १९९० साली मध्ये घातलेली दोन वळणं रस्त्याच्या बाजूला राहतात आणि आपण सरळ जातो, बरोबर ना? त्या सहा किलोमीटरांत मी बाबांना पुढे बसवणार आहे. आईने तेवढ्यापुरती जागा द्यायचं कबूल केलंय.

आता एकच विचारायचं राहिलं. त्या सरळ रस्त्यावर पाच मिनिटं गाडी बाजूला घेऊन उभं राहता येईल अशी सुरक्षित जागा कुठे आहे? बाबांना उतरून डांबराला हात लावायचा आहे.