फॅमिली ग्रुप: मावशीला हिरोइक फॅन्टसी कुठून सुरू करून द्यायची?

मावशी: ड्रॅगनवाली ती मोठी सिरीज बघून संपली, आता तसलं काहीतरी वाचायचंय. पण जे पुस्तक उघडते त्याचा पहिलाच भाग आठशे पानांचा, आधी नकाशा मग घराण्यांची यादी. एवढी नावं नाही राहत गं डोक्यात. एकच कोणीतरी माणूस आणि त्याच्या मागोमाग जायचं असं काही आहे का कोणाला माहिती?

वहिनी: आहे की मावशी, भरपूर आहे. भाऊजी सांगतीलच आता

मी: मावशी तू जे मागतेयस ती हिरोइक फॅन्टसी. राज्यं, घराणी, अख्ख्या जगाचं काय होणार वगैरे असतं ती एपिक, टॉल्कीनची लॉर्ड ऑफ द रिंग्ज १९५४-५५ ला आली त्या वळणाची. हिरोइकमधे एक माणूस, फार तर दोघं, त्यांच्यासमोर एकच संकट, आणि आपण शेवटपर्यंत त्यांच्याच खांद्यावरून बघतो. जग वाचणार का यापेक्षा हा माणूस आता काय करणार हे महत्त्वाचं. आणि नशिबाने यातली बरीच चांगली पुस्तकं एकटी वाचता येतात, दहा भागांची बांधिलकी नाही. तू डेव्हिड जेमेलचं लेजंड घे. दुसरं काहीही बघू नकोस आधी.

दादा: लेजंड +१

दादा: पण विचरपण सांग तिला, सिरीज बघितलीय तिने ती

काका: तलवारी, जादूगार, राक्षस. हे मुलांचं वाचन झालं. आम्ही नाथमाधवांची वीरधवल वाचली ती शाळेत असताना, मोठेपणी कोण वाचतं असलं? यातून मिळतं काय?

मी: काका तुम्हाला वीरधवल अजून आठवतेय ना, तेच मिळतं. पण लेजंडचं खरंच सांगतो कारण ते मुलांचं पुस्तक अजिबात नाही. ड्रस नावाचा योद्धा आहे, साठीचा, गुडघा गेलेला, पाठ धरलेली, डोंगरात एकटा राहतो. त्याच्या तरुणपणाच्या पराक्रमांचे पोवाडे अजून गातात लोक पण तो स्वतः मरणाची वाट बघत बसलाय. आणि मग निरोप येतो की एका किल्ल्यावर प्रचंड सैन्य चालून येतंय, आत मूठभर लोक, त्यातले कित्येक नवखे, शेतकरी, पळून जायच्या बेतात असलेले. किल्ला पडणार हे सगळ्यांना माहितीय. तरीही तो जातो. किल्ल्याला एकामागे एक सहा भिंती आहेत, प्रत्येकीला नाव आहे, आणि शेवटच्या भिंतीचं नाव मृत्यू. एकेक भिंत सोडत मागे यायचं, एवढंच कथानक. पण जिंकणं शक्य नाही हे कळल्यावर माणूस का थांबतो, भित्रा माणूस कोणाच्या शब्दावर उभा राहतो, हे त्याने जसं लिहिलंय तसं मला भल्या भल्या गंभीर कादंबऱ्यांत सापडलेलं नाही.

मी: आणि हे का एवढं खरं वाटतं त्याला कारण आहे. जेमेल पत्रकार होता, १९७६ मधे त्याला कॅन्सरची शंका सांगितली, तपासण्यांची वाट बघत असताना त्याने हे लिहायला घेतलं. किल्ला म्हणजे तो स्वतः आणि बाहेरचं सैन्य म्हणजे आजार. कॅन्सर नाही निघाला, पुस्तक पुढे नीट लिहून १९८४ ला छापलं. हे माहीत नसतानाही वाचताना जाणवतं की लिहिणारा गंमत करत नाहीये.

काका: बरं. हे माहीत नव्हतं.

भाची: मामा पण यात मुली कुठेत?? नेहमी कोणीतरी वाचवायलाच ठेवलेल्या असतात

मी: रास्त प्रश्न आहे. जुन्या पुस्तकांबाबत तर फारच. पण अगदी सुरुवातीपासून एक बाई आहे यात, जिरेल. सी. एल. मूर या लेखिकेने १९३४ मधे लिहिली, त्याच वीअर्ड टेल्स मासिकात ज्यात कॉनन या रानटी योद्ध्याच्या कथा यायच्या. पहिल्याच कथेची सुरुवात बघ, किल्ला जिंकलेला सरदार हरलेल्या सेनापतीला समोर उभं करून शिरस्त्राण काढायला लावतो आणि आतून निघते ती बाई, चिडलेली, न झुकलेली. त्यानंतर ती सूड घ्यायला किल्ल्याखालच्या भुयारातून दुसऱ्याच एका भयानक जगात उतरते. पण ते तू दोनतीन वर्षांनी वाच. आत्ता तुझ्यासाठी अर्सला ल ग्विनचं अर्थसी, पहिलं पुस्तक अ विझर्ड ऑफ अर्थसी, १९६८ चं. छोटंसं आहे, दोनशे पानांच्या आसपास.

भाची: त्यात मुलगी आहे का हिरो?

मी: पहिल्यात मुलगा आहे, गेड, शेळ्या राखणारा. दुसऱ्या पुस्तकात टेनार आहे, लहानपणीच घरातून नेऊन देवळात पुजारीण केलेली मुलगी, तिचं नावसुद्धा काढून घेतलेलं. दुसरं पुस्तक पहिल्याहून सरस आहे असं माझं मत, पण पहिलं वाचूनच जा. गेडची गोष्ट अशी की तो जादूच्या शाळेत गर्वापायी करू नये ते करतो आणि एक काळी सावली जगात मोकळी सोडतो, मग ती त्याच्या मागे लागते. आधी तो पळतो. मग एका टप्प्यावर तो वळतो आणि तिच्या मागे लागतो. युद्ध नाही, सैन्य नाही, एवढ्याशा होडीतून एक पोरगा स्वतः केलेल्या गोष्टीला सामोरा जातो. यापेक्षा मोठं शौर्य मला कुठल्या लढाईत दिसलेलं नाही. अजून एक, गेड सावळा तांबूस रंगाचा आहे आणि ल ग्विनने ते मुद्दाम लिहिलं होतं, तरी वर्षानुवर्षं मुखपृष्ठांवर त्याला गोरा दाखवत राहिले आणि ती त्याबद्दल उघडपणे बोलली.

वहिनी: मावशी मी सांगू का एक, तुम्हाला लेजंडपेक्षा हे जवळचं वाटेल कदाचित. लोइस बुजोल्डचं पॅलाडिन ऑफ सोल्स. नायिका चाळिशीची विधवा राणीमाता, इस्टा. सगळ्यांनी तिला वेडी ठरवून घरात जपून ठेवलंय आणि तिला नुसतं बाहेर पडायचंय, म्हणून तीर्थयात्रेचं निमित्त काढते. पुढे देव, भुतं, सगळं येतं पण तिचा तो राग आणि थकवा इतका खरा आहे. ह्यूगो आणि नेब्युला ही फॅन्टसी-विज्ञानकथांची दोन्ही मोठी बक्षिसं मिळालीत त्याला.

मी: वहिनी एकदम बरोबर, हे मला आधी सुचायला हवं होतं. फक्त मावशी त्याच्याआधी द कर्स ऑफ शॅलियन वाच, २००१ चं, नाहीतर त्याचा शेवट आधीच फुटतो. त्यातला नायक काझारिल गुलाम म्हणून जहाजावर वल्ही मारून मोडून आलेला माणूस आहे, तो पायी चालत जुन्या मालकिणीच्या दारात येतो ते कसलंही छोटं काम मिळेल का विचारायला. तलवार धरायची इच्छाच उरलेली नाही. सावकाश चालतं पुस्तक, पहिली शंभर पानं धीर धर.

दादा: अरे विचर

मी: हो हो. विचर मावशी, लास्ट विश या कथासंग्रहापासून. बरेच जण कादंबऱ्यांचा पहिला भाग उचलतात आणि काही कळत नाही म्हणून सोडतात. विचरचा लेखक सापकोव्स्कीने आधी कथा लिहिल्या, पहिली १९८६ मधे पोलंडच्या एका मासिकात आली होती, आणि ती पात्रं कोण कुठली हे सगळं त्या कथांमधेच आहे. मला विचाराल तर कथाच कादंबऱ्यांपेक्षा चांगल्या आहेत.

दादा: कॉनन पण दे. मी त्यावरच वाढलोय

मी: कॉनन द्यायचा तर नीट सांगून द्यायचा. रॉबर्ट हॉवर्डने १९३२ ते ३६ एवढ्याच काळात लिहिला आणि तिसाव्या वर्षी तो गेला. पुढे इतर लोकांनी त्याच्या कथा बदलल्या, स्वतःच्या घुसवल्या, त्यामुळे हॉवर्डचा मूळ मजकूर असलेलीच आवृत्ती घ्यायची. कथा क्रमाने नाहीत, पहिल्याच प्रसिद्ध झालेल्या कथेत तो राजा आहे आणि नंतरच्या एकीत पोरसवदा चोर, त्यामुळे कुठूनही उघड. टॉवर ऑफ द एलिफंट आधी वाच. चोरी करायला मनोऱ्यात शिरलेला हा रानटी माणूस आत जे बघतो त्याने त्याला दया येते, आणि तिथे कळतं की हॉवर्ड नुसता मारामाऱ्या लिहिणारा नव्हता. पण वंशांबद्दल आणि बायकांबद्दल त्यात जे येतं ते बरेचदा वाईट आहे, त्या काळचं होतं म्हणून मी ते झाकणार नाही. भाचीने इतक्यात नको.

दादा: आणि एल्रिक

मी: एल्रिक दादा तूच सांग, तुझा आवडता

दादा: मूरकॉक या लेखकाने मुद्दाम कॉननच्या उलटा केलाय. अशक्त, पांढराफटक राजा, औषधांशिवाय उभा राहू शकत नाही. त्याची काळी तलवार माणसांचे आत्मे खाते आणि त्याला ताकद देते. त्याला ती नकोय पण सोडवत नाही. व्यसनावरचं एवढं भारी मी काही वाचलेलं नाही. डिप्रेसिंग आहे पण

मावशी: नको मग ते 🙏 सध्या हलकंच बरं

मी: हलकं हवं तर फ्रिट्झ लायबर, फाफर्ड आणि ग्रे माउझर. एक उंच धिप्पाड उत्तरेकडचा, एक बुटका चपळ चोर, दोघांची मैत्री हीच गोष्ट. बोलतात फार छान. फक्त ते दोघं भेटतात ती इल मेट इन लंखमार हलकी नाहीये, ती जरा दमाने घे.

मावशी: मी लेजंड घेते, ठरलं. साठीचा माणूस म्हटल्यावर तेच. पण त्याचे पुढचे भाग वाचावे लागणार का?

मी: नाही. त्या जगात त्याने एकूण अकरा पुस्तकं लिहिली पण लेजंड स्वतःपुरतं पूर्ण आहे. आवडलंच तर नंतर वेलँडर, ते बरंच आधीच्या काळात घडतं. नायक म्हणजे पैसे घेऊन राजाचा खून केलेला मारेकरी, आणि आता त्याच राज्याला त्याची गरज पडलीय.

काका: तो ड्रस वाचतो का शेवटी?

मी: काका ते नाही सांगणार. मावशीचं झालं की तुम्ही घ्या.

काका: ठीक आहे. तिला म्हणावं लवकर वाच.