शवपेटी हलली, पाट्या बदलल्या: पोलंडवरून ग्रुपवर झालेली चर्चा

बी-304: काका, पोलंडमध्ये मार्शल पिउसुद्स्कीचे एवढे पुतळे आहेत. मग तो हुकूमशहा होता असं का म्हणतात?

ए-102: दोन्ही खरं. 1918 ला देश पुन्हा उभा राहिला, त्याचं मोठं श्रेय त्याचं. पण मे 1926 मध्ये त्यानेच फौज घालून सरकार पाडलं. तीन दिवसांत 379 माणसं मेली. 1934 ला बेरेझा कार्तुस्काची छावणी, तिथे विरोधकांना खटल्याविना डांबायचे. पुतळे पहिल्या कामाचे आहेत हो.

सी-501: वावेलचा, म्हणजे क्राकोवच्या किल्ल्यातल्या राजांच्या दफनस्थळाचा वाद पण सांगा.

ए-102: 1935 ला क्राकोवच्या कॅथेड्रलमध्ये राजांशेजारी पुरला. 1937 मध्ये आर्चबिशप सापिएहांनी शवपेटी परस्पर चांदीच्या घंटांच्या मनोऱ्याखालच्या तळघरात हलवली. पंतप्रधानांनी थेट राजीनामा पुढे केला, तो स्वीकारला नाही ही गोष्ट वेगळी. हृदय तर लिथुआनियातल्या विल्नियसला, आईच्या कबरीत.

सी-501: रशियात स्मोलेन्स्कच्या विमान अपघातात गेलेले राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की आणि त्यांची पत्नीही 2010 पासून त्याच तळघराच्या पुढच्या दालनात. तेव्हाही क्राकोवमध्ये निदर्शनं झाली, "ही राजांची जागा आहे" म्हणून.

बी-304: आणि तो कम्युनिस्ट राजवटीतला जनरल यारुझेल्स्की?

डी-203: तो विषय अजून ओला आहे. 13 डिसेंबर 1981, रविवार. त्याने देशात लष्करी कायदा लावला. सकाळचा मुलांचा 'तेलेरानेक' लागलाच नाही, पडद्यावर गणवेशातला जनरल. फोन मुके. तीन दिवसांनी कातोवित्सेच्या वुयेक खाणीत गोळीबारात 9 कामगार गेले. दरवर्षी 13 ला संध्याकाळी साडेसातला लोक खिडकीत दिवा लावतात, तो लष्करी कायद्याच्या बळींसाठी.

ए-102: समर्थक म्हणतात, त्याने सोव्हिएत रणगाडे थोपवले. विरोधक म्हणतात, ते येणारच नव्हते. मला दुसरं जास्त पटतं.

डी-203: 2014 ला त्याच्या अंत्यसंस्काराला त्याचा जुना विरोधक, 'सॉलिडॅरिटी' कामगार संघटनेचा नेता वालेसा चर्चमध्ये हजर, बाहेर पोवोंझ्की स्मशानभूमीत शिट्ट्या. आणि तो काळा चष्मा रुबाबासाठी नव्हता बरं का. 1941 ला कुटुंबासकट हद्दपार होऊन सायबेरियात गेला, तिथल्या बर्फाच्या चमकेने डोळे बिघडले. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला आलेले पोलिश निर्वासितही अशाच हद्दपारीतून सुटलेले.

बी-304: रस्त्यांची नावं बदलली म्हणे?

सी-501: 2016 चा कायदा, साम्यवादाचा प्रचार करणारी नावं काढायचा. आधी नगरपालिकेला 12 महिने. नाही बदललं तर प्रांताचा राज्यपाल सरकारी राष्ट्रीय स्मृती संस्थेचं मत घेऊन 3 महिन्यांत आदेश काढतो. जुन्या पत्त्याची कागदपत्रं वैधच राहतात, म्हणजे रहिवाशांना खेटे नकोत. गडबड वॉर्सात झाली. राज्यपालांनी चाळिसेक नावं बदलली, पण अमुक नाव साम्यवादाचा प्रचार कसं करतं हे आदेशात नीट मांडलंच नाही. न्यायालयाने बरेचसे आदेश रद्द केले. पीपल्स आर्मी मार्ग काही काळ काचिन्स्की मार्ग झाला, मग परत पूर्वीचाच.

ए-102: आणि गियेरेक, 1970 च्या दशकातला कम्युनिस्ट पक्षप्रमुख! त्याच्या काळात परदेशी कर्ज 20 अब्ज डॉलरच्या वर गेलं. तरी वॉर्सा-कातोवित्से रस्त्याला लोक अजून 'गियेरकूफ्का' म्हणतात. हे नाव पाटीवर नाहीच, काढणार काय?

बी-304: वालेसावर पण आरोप आहेत ना?

डी-203: हो, कम्युनिस्ट गुप्त पोलिसांचा 'बोलेक' नावाचा खबऱ्या तेच होते, असा आरोप. त्या 'बोलेक'ची फाइल 2016 ला माजी गृहमंत्र्याच्या घरून मिळाली. ते अजून नाकारतात. गदान्स्कच्या विमानतळाचं नाव मात्र वालेसाच.