अलास्कात गाईडसोबत ग्रिझलीची शिकार: मे की ऑक्टोबर?

बोरिवलीकर
मेहुणा अँकरेजला स्थायिक आहे, तिथलाच नागरिक. त्याच्यासोबत रीतसर परवान्याने ग्रिझलीच्या (तिथल्या तपकिरी अस्वलाच्या) शिकारीला जायचा विचार आहे. माझा पासपोर्ट भारतीय. मे बरा की ऑक्टोबर? मेहुणा सोबत असला तर गाईडचा खर्च वाचतो का? आणि कातडं घरी आणता येतं का? शिकार योग्य की अयोग्य यावर वाद नको, कृपया.

रानवाट_ठाणे
आधी मेहुण्याचं. खर्च वाचत नाही. जवळच्या नात्यातल्या अलास्कावासीसोबत गाईडशिवाय जायची सूट फक्त दुसऱ्या राज्यांतल्या अमेरिकी नागरिकांना आहे. परदेशी माणसाला तिथे कुठलंही मोठं जनावर लायसनवाल्या गाईडशिवाय मारता येत नाही, मग ते मूस (तिथलं मोठं हरीण) असो की काळं अस्वल. मेहुण्याला हौस म्हणून न्या. परदेशी माणसाला शिकार परवाना ६३० डॉलर, त्याशिवाय अस्वल मारण्यासाठीचा टॅग १,३०० डॉलर. किनारपट्टीवरच्या शिकारीला गाईड सहसा २० हजार डॉलरहून जास्त घेतो, त्यापुढे ही चिल्लर.

आता हंगाम. वसंतात मोठे नर बिळातून आधी निघतात, पिल्लांवाल्या माद्या मागाहून. त्यामुळे नर हवा तर वसंत. बर्फावर पावलं लांबून दिसतात, मेच्या मध्यावर उजेड साधारण १७ तास. दिवसभर उतारावर बसून दुर्बिणीने डोंगर चाळत राहायचं, हेच मुख्य काम. गोची एकच: बाहेर आलं की अस्वल अंग घासू लागतं. मेअखेरपर्यंत पाठीवर, कंबरेवर चट्टे पडतात आणि कातडं वाया जातं. म्हणून ट्रिगरला बोट लावण्याआधी गाईड पाठ निरखायला लावतो. घाई करू नका.

शरदात अस्वल सामन माशांच्या ओढ्यांभोवती असतं, चरबीने भरलेलं. ऑक्टोबरच्या मध्यानंतर केस दाट होतात. पण पाऊस, वारा आणि आखूड दिवस. नोव्हेंबरच्या मध्यावर कोडियाक बेटावर जेमतेम ८ तास उजेड.

कॅलिबर३७५
वरच्यात भर. ‘मे की ऑक्टोबर’ हे सगळीकडे तुमच्या हातात नसतं. अलास्का पेनिन्सुलात वसंताचा हंगाम सम वर्षी १० ते २५ मे, शरदाचा विषम वर्षी ७ ते २१ ऑक्टोबर. कोडियाकला दरवर्षी १ एप्रिल ते १५ मे आणि २५ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर, पण परवाना सोडतीने. कॅनडाचं ब्रिटिश कोलंबिया यादीतून काढा, तिथे २०१७ पासून ग्रिझलीच्या शिकारीवर बंदी आहे.

बंदुकीबद्दल: .३०-०६ कॅलिबरच्या रायफलीला २०० ग्रेन वजनाची गोळी ही किमान पायरी समजा, .३३८ किंवा .३७५ कॅलिबर उत्तम. मात्र मोठी बंदूक घेऊन धक्क्याला घाबरणारा नेमबाज सर्वांत धोकादायक. मुंबईच्या रेंजवर .२२ ने श्वास आणि ट्रिगर पक्का करा, मोठ्या बंदुकीचा सराव तिथे गेल्यावर. अस्वल आडवं उभं राहीपर्यंत थांबा आणि नेम पुढच्या खांद्यावर. डोक्यावर नाही, विक्रमासाठी कवटीच मोजली जाते. चुकीच्या जागी गोळी लागली तर जखमी अस्वल आल्डरच्या दाट झुडपांत शिरतं आणि गाईडला त्यामागे जावं लागतं. त्याने दुसरी गोळी कधी घालायची ते आधीच बोलून ठेवा.

पिल्लं सोबत असलेली मादी मारता येत नाही. आणि छोट्या विमानाने उतरलात त्या दिवशी शिकार बंद, दुसऱ्या पहाटे ३ नंतर चालते. म्हणून १० दिवसांच्या शिकारीला आणखी ३ दिवस राखा. हवा बिघडली की विमान येतच नाही.

दप्तर_दादर
कागदपत्रांचं. पर्यटक व्हिसावर आलेल्याला अमेरिकेत बंदूक बाळगायला बंदी आहे. वैध शिकार परवाना असेल तर सूट. तेव्हा परवाना ऑनलाइन आधी काढा, मगच बंदुकीला हात. रेंजवर सराव करायचा असला तरी. भारतातून बंदूक नेण्याच्या फंदात पडू नका, गाईडकडून भाड्याने घ्या.

कातडं आणि कवटी ३० दिवसांत सरकारी सील लावून घ्यावी लागते, कोडियाकला तर बेट सोडण्याआधी. सील होईपर्यंत लिंगाचा पुरावा कातड्याला चिकटलेला हवा. पंजे, कान, ओठ आतून सोलून बारीक, आयोडीनविरहित मीठ चोळायचं. इथे कंटाळा केला की केस गळतात आणि मग कातडं टिकवून मांडणारा कुठलाही टॅक्सिडर्मिस्ट काही करू शकत नाही.

कातडं बोरिवलीला आणायचं विसरा. ग्रिझली सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे तिथला निर्यात परवाना लागणार, आणि आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने सायटिस प्रजातींसाठी वेगळं प्रकरणच घातलंय. कातडं मेहुण्याच्या भिंतीवर राहू द्या.

बोरिवलीकर
धन्यवाद. मग कोडियाकची वसंतातली सोडत. चालण्याची तयारी कशी करू?

रानवाट_ठाणे
पावसाळ्यात, १२ किलो पाठीवर घेऊन, निसरड्या उतारांवर. कान्हेरीच्या पायऱ्या पुरणार नाहीत, राजमाची-ढाकसारख्या वाटा करा. आणि रेनकोट जाड घ्या. आपले फुटपाथवरचे आल्डरच्या झुडपांत तासाभरात फाटतात.