शब्दचर्चा : शततमक, टक्के आणि मुलांचा बीएमआय

प्रश्न (गुहागर) : शाळेतील आरोग्य तपासणीनंतर माझ्या दहा वर्षांच्या मुलाच्या कार्डावर ‘बीएमआय ७२ टक्के’ असे लिहून आले. त्याचे वजन ७२ टक्केच भरते असे समजावे काय?

उत्तर (देवगड) : नाही. तेथे ‘७२वे शततमक’ असे हवे होते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. त्याच वयाच्या मुलग्यांच्या संदर्भगटातील शंभरांपैकी सुमारे ७२ जणांचा बीएमआय आपल्या मुलाहून कमी आहे, एवढाच या शततमकाचा अर्थ.

वय आणि लिंग पाहावेच लागते, कारण बीएमआय साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि मग पौगंडावस्थेत चढत जातो. १४० सेंटिमीटर उंचीच्या ३५ किलो वजनाच्या मुलाचा बीएमआय १७.९ येतो. प्रौढाला तो १८.५ च्या खाली म्हणून कमी ठरेल. दहा वर्षांच्या मुलग्यासाठी मात्र तो वाढीच्या तक्त्यातील मधल्या, म्हणजे ५०व्या शततमकाच्या, रेषेच्या वर आहे. आजी ज्याला ‘हडकुळो’ म्हणते, तो पुष्कळदा तक्त्यात अगदी व्यवस्थित बसतो.

सीईटीमुळे ‘पर्सेंटाइल’, म्हणजेच शततमक, घरोघरी पोचला, पण त्याबरोबर ‘जितका जास्त तितका चांगला’ ही समजूतही आली, आणि ती येथे घातक आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २००० सालच्या तक्त्यांत ५ ते ८५ च्या आतील शततमक निरोगी, ८५ पासून जादा वजन आणि ९५ पासून लठ्ठपणा धरतात. शिवाय सीईटीत तुलना त्या परीक्षेला बसलेल्यांशीच होते, तर येथील संदर्भगट पूर्वी मोजून ठेवलेला असतो. म्हणूनच आज अमेरिकेतील शंभरांपैकी पाचांहून कितीतरी अधिक मुले ९५व्या शततमकाच्या वर आढळतात आणि त्यात गणिताची चूक नसते.

आपल्याकडे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे ५ ते १८ वर्षांसाठीचे २०१५ चे तक्ते आहेत. भारतीय प्रौढांना मधुमेहाचा धोका कमी बीएमआयलाच सुरू होतो, म्हणून त्यांत प्रौढांच्या २३ (जादा वजन) आणि २७ (लठ्ठपणा) या बीएमआयशी जुळणाऱ्या रेषा दिल्या आहेत. तक्ता बदलला की शततमकही बदलते.

पुरवणी (मालवण) : बोलताना ‘पर्सेंटाइल’ म्हणायला हरकत नाही, कारण ‘शततमक’ ऐकून पालक गोंधळतात. कार्डावर मात्र टक्क्याचे चिन्ह टाळून शततमक, वय, लिंग आणि तक्त्याचे नाव एकत्र लिहावे.