घरचा माणूस आणि गावाचाही: आपापल्या आठवणी लिहूया (अनुभव धागा)

कृष्णाकाठची:

बाबांना जाऊन मागच्या महिन्यात वर्ष झालं. वर्षश्राद्धाला आम्ही पन्नास पानं धरली होती आणि आली दीडशेच्या वर माणसं, त्यातली निम्मी आम्ही कधी बघितलेलीच नव्हती. एक बाई अथणीहून पहाटेच्या गाडीनं आलेली, तिला मराठी येईना मला कन्नड येईना, ती नुसती फोटोकडं बोट करून 'नम्म अण्णा, नम्म अण्णा' म्हणत रडत होती.

बाबा एसटीत कंडक्टर. पगार बेताचा, आम्ही तीन भावंडं, आजी अंथरुणाला खिळलेली. आणि त्यांच्याकडं एक वही होती, लाल पुठ्ठ्याची, रक्तदात्यांची. ग्रुपप्रमाणे पानं पाडलेली. नाव, गल्ली, फोन नसेल तर शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख (पुरुषाला परत द्यायला तीन महिने थांबावं लागतं ना), आणि पुढं बारीक अक्षरात शेरा. 'रात्री उठवलं तरी येतो.' 'सुईला भितो, सोबत थांबणे.' 'आईला आवडत नाही, घरी फोन नको.' मिरजेत दवाखाने एवढे, पार विजापूरकडून पेशंट येतात, त्यांना रात्री दोन वाजता रक्त आणा म्हटलं तर ते कुणाच्या दारात जाणार? ते बाबांना फोन करायचे. आणि दात्याला फोन लागला की बाबांचं पहिलं वाक्य ठरलेलं, 'जेवलायसा काय?' उपाशी पोटी रक्त दिलं की चक्कर येते म्हणून. नाही म्हटला माणूस तर आपल्या डब्यातली भाकरी घेऊन जायचे.

घरात पण तसेच. ड्युटीवरून आले की आधी आजीची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, मगच चहा. अंथरुणात असून आजीच्या पाठीला शेवटपर्यंत एक जखम झाली नाही, हे मला त्यांच्या सगळ्या सत्कारांपेक्षा मोठं वाटतं. 2019 च्या महापुरात आमच्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळीच 45 आहे, आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. बाबांनी आईचं शिलाई मशीन डोक्यावर घेतलं आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधली. बाकी सगळं गेलं. आमच्या लग्नाचे फोटोसुद्धा.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर लिहा. फक्त सत्काराच्या भाषणासारखं नको, घरी कसे होते तेही लिहा, आणि त्रास झाला असेल तर तोही. माझ्या दहावीच्या निकालाला बाबा घरी नव्हते, त्याचा राग मला पुष्कळ वर्षं होता.

सासवडकर:

आमचे थोरले चुलते, तात्या. कटिंगचं दुकान. माउलींची पालखी पुण्याहून निघून दिवेघाट चढून आमच्याकडे येते, 30 किलोमीटरच्या वर चाल होते त्या दिवशी, आणि मग दोन मुक्काम. ते दोन्ही दिवस तात्या वारकऱ्यांची दाढी-कटिंग फुकट करायचे, पहाटेपासून दिवे लागेपर्यंत, हात सुजायचे. आम्हा पोरांना पाणी तापवायचं काम, पाण्यात मीठ टाकून घमेली भरून ठेवायची, म्हाताऱ्यांनी पाय बुडवून बसायचं. कुणी कुणी दाढीला बसल्या बसल्या झोपायचे तर तात्या तसंच मान सावरून उभे राहायचे, उठवू द्यायचे नाहीत. रांग असली तरी. घरी काकू कितीही चिडली तरी तात्यांचा आवाज चढलेला ऐकला नाही कधी, आणि त्यांच्या तिन्ही मुलींची वेणी लहानपणी तेच घालायचे, काकूला घाई असायची म्हणून नाही, त्यांना आवडायचं म्हणून.

मांजराकाठचा:

मामा गवंडी होते, राहणार लातूर. 30 सप्टेंबर 1993, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. उजाडल्यावर बातमी कळली तसं मामा घण, पहार, दोर घेऊन चार जणांबरोबर टेम्पोत बसून किल्लारीकडं गेले ते अकराव्या दिवशी परत आले. बोलले नाहीत. कपडे मामीनं न धुता जाळले. पुढं बऱ्याच वर्षांनी मला एकदाच सांगितलं की दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाचा तो मणामणाचा भार, भिंत फाकली की सगळं वरचं खाली, 'आपल्याच धंद्यातल्या माणसांनी बांधलेली घरं रे ती' असं म्हणाले आणि उठून गेले.

त्यानंतर त्यांनी एक धरलं. कुणाचंही घर बांधायला घेतलं की दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घालायचाच. मालक पैशाला नाही म्हणाला तर मजुरी सोडायचे पण पट्टा घालायचे. आणि दुसऱ्याची कामं चालू असली तिथं पण जाऊन सांगायचे, लोक हाकलायचे, परत जायचे. यात घरचं नुकसान झालं हे खरं आहे, मामीनं शेतात रोजंदारी केली, पण मामीनं एकदाही बोलून दाखवलं नाही आणि मामांनी तिच्याआधी कधी ताट घेतलं नाही. पहाटे चारला मात्र जन्मभर उठून बसायचे. मामी पण उठायची, दोघं अंगणात गप बसलेले मी कितीदा बघितलेत.

कुर्ल्याची:

मला एवढं गोड लिहिता येणार नाही, चालेल ना? 26 जुलै 2005, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला तो दिवस. आमच्या चाळीत तळमजला पाण्याखाली, आई, मी आणि आठ महिन्यांचा भाऊ पोटमाळ्यावर, लाइट नाही, फोन बंद. पप्पा नाक्यावर दोर धरून लोकांना रस्ता पार करून देत होते, रात्रभर. दुसऱ्या दिवशी दुपारी आले. ते जिवंत आहेत का तेच आम्हाला माहीत नव्हतं हो! आई त्यांच्याशी आठ दिवस बोलली नाही. नंतर एक कॉलेजचा मुलगा पेढे घेऊन आला, काकांनी मला खांद्यावर घेतलं म्हणून मी आहे म्हणाला, आणि मी तो पेढा खाल्ला नाही. पप्पा गेले त्याला सहा वर्षं झाली. माझं त्यांच्यावर फार प्रेम आहे, त्या रात्रीचा राग पण आहे, दोन्ही तसंच आहे.

कृष्णाकाठची:

@कुर्ल्याची, चालेल काय, हेच लिहायला हवं होतं कुणीतरी. माझी आई पण हे वाचून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तिच्या आईला माझा नमस्कार सांग.

नाशिकची सून:

सासरे नेत्रदानाचे फॉर्म भरून घेत हिंडायचे, लग्नकार्यातसुद्धा. आम्हाला लाज वाटायची. ते गेले तेव्हा आम्ही सगळे शिकलेले नुसते रडत बसलो, आणि सासूबाई, ज्यांना सही पण येत नाही, त्या उठल्या, पंखा बंद केला, डोक्याखाली उशी दिली, पापण्या मिटवून ओला कापूस ठेवला आणि म्हणाल्या, नेत्रपेढीला फोन लावा, सहा तासांच्या आत यावं लागतं त्यांना. नवऱ्याची सगळी भाषणं त्यांनी चूल सांभाळत ऐकली होती. पंधरा-वीस मिनिटांचं काम. चेहरा होता तसाच राहिला.

कृष्णाकाठची:

सगळ्यांचं वाचतेय, एकेकाला उत्तर द्यायचंय. वही आता माझ्याकडं आहे, पुराचं पाणी काठाला लागलं होतं तिथं शाई फुटलीय, बऱ्याच नंबरांवर आता नातवंडं फोन उचलतात. बाबांचा मोबाइल मी चालूच ठेवलाय. परवा एका काकांना फोन केला, नाव सांगायच्या आधी तोंडातून निघालं, 'जेवलायसा काय?' पलीकडं क्षणभर काहीच नाही, मग म्हणाले, 'जेवलोय पोरी, कुठं यायचं सांग.'

आत्ता परत वाजतोय, मिरजेतून आहे, बी निगेटिव्ह पाहिजे. बाकीचं रात्री लिहिते.